६० पानांचा प्रबंध लिहायचाय आणि १४ पानांवर गाडी अडकलीये, पुढं कसं जाऊ?

खाडीकाठची (ऐरोली)

नमस्कार सगळ्यांना. मी एमए समाजशास्त्र दुसऱ्या वर्षाला आहे, शेवटच्या सेमिस्टरला प्रबंध द्यायचाय. गाईड म्हणाल्या साठ पानं तरी व्हायला हवीत, म्हणजे मराठीत सोळा-सतरा हजार शब्द. दहावीपासून आजपर्यंत मी जे काही लिहिलं ते दहा मार्कांचं उत्तर नाहीतर फार तर पाच पानांची असाइनमेंट, त्यात कधी अडचण आली नाही, प्रस्तावना लिहायची, मुद्दे टाकायचे, निष्कर्ष लिहायचा, झालं. इथं मात्र गेले पाच आठवडे रोज रात्री बसतेय आणि १४ पानांच्या पुढं सरकतच नाहीये, म्हणजे लिहिते, दुसऱ्या दिवशी वाचते आणि खोडते.

विषय आहे "नवी मुंबईतील मच्छीमार समाजाच्या समस्या : एक समाजशास्त्रीय अभ्यास". माझं आजोळ बेलापूरजवळच्या दिवाळे गावातलं, कोळीवाड्यातलं, आजीने चाळीस वर्षं मासळी विकली, मामी अजून विकते, म्हणून हा विषय मी स्वतः मागून घेतला. ११ बायकांच्या मुलाखती फोनवर रेकॉर्ड केल्यात, नऊ तासांच्या वर ऑडिओ आहे, आणि खरं सांगते, त्यातलं एकही वाक्य या १४ पानांत आलेलं नाही. १४ पानांत नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची, ज्यांची जमीन गेली ती ९५ गावं, जमीन संपादन, कोळी समाजाचा इतिहास, मासेमारीचे प्रकार, असं सगळं आहे. गाईडकडे आम्ही बरेच जण आहोत त्यामुळे त्यांना पान न पान वाचायला वेळ मिळत नाही ते मी समजू शकते, पण त्यांनी मार्जिनमध्ये फक्त "विश्लेषण वाढवा" असं लिहिलंय. वाढवा म्हणजे नेमकं काय करू? दहा आठवडे उरलेत. सकाळी कॉलेज, संध्याकाळी ट्यूशन्स घेते, लिहायला रात्री दोन तास मिळतात. ज्यांनी एवढं मोठं लिहिलंय त्यांनी प्लीज सांगा, मनापासून मदत हवीये.

नौपाड्यातून

मी बावीस वर्षं डिग्री कॉलेजला शिकवतोय आणि दरवर्षी आठ-दहा प्रबंध वाचतो, तेव्हा तू म्हणून लिहिलं तर चालेल ना. तुझी पोस्ट दोनदा वाचली. मला वाटतं तुझा विषय साठ पानांसाठी फार मोठा आहे. ऐकायला उलटं वाटेल, कारण पानं भरायची तर विषय मोठा घ्यावा असंच सगळ्यांना वाटतं. पण "मच्छीमार समाजाच्या समस्या" यात प्रदूषण आलं, भराव आला, शिक्षण आलं, व्यसन आलं, मच्छीमार सोसायटीचं राजकारण आलं, डिझेल आलं, आणि प्रत्येकावर तुला बोलण्यासारखी दीडच पानं आहेत, ती संपली की हात थांबतो. विषय लहान केलास की तोच हात चालायला लागतो, कारण मग एका गोष्टीच्या आत शिरावं लागतं.

आता तुझ्याकडे काय आहे बघ. नऊ तास बायकांचं बोलणं आहे, आणि त्या विकणाऱ्या आहेत, बोटीवर जाणाऱ्या नव्हेत. मग प्रश्न तिथूनच काढ. उदाहरणार्थ, दिवाळ्यातल्या बायका आज जी मासळी विकतात ती येते कुठून? घरच्या जाळ्यातून, की भाऊच्या धक्क्यावरून पहाटे लिलावात घेऊन? हे बदललं असेल तर कधी बदललं, आणि बदलल्यावर घरात बाईच्या हातातल्या पैशाचं काय झालं? हा एक प्रश्न झाला. शेवटी प्रश्नचिन्ह येतं आणि उत्तर चूकही ठरू शकतं. "समस्यांचा अभ्यास" याला उत्तरच नसतं म्हणून तो लिहून संपत नाही.

"विश्लेषण वाढवा" याचा साधा अर्थ सांगतो. मुलाखतीतलं वाक्य दिल्यावर बहुतेक मुलं लगेच पुढच्या वाक्यावर जातात. तिथं थांबायचं आणि स्वतःला तीन गोष्टी विचारायच्या, हे बाकी दहा जणींपैकी कोण कोण म्हणालं, कोण याच्या उलट म्हणालं, आणि उलट म्हणणारीत वेगळं काय आहे, वय, घरची बोट आहे की नाही, नवरा नोकरीला आहे का. या तिन्हीची उत्तरं लिहिलीस की एका वाक्याचं दीड पान होतं आणि ते भरताड होत नाही.

आणि कृपा करून "मुलाखत क्रमांक १, मुलाखत क्रमांक २" अशी प्रकरणं करू नकोस, हे मी दरवर्षी बघतो आणि दरवर्षी वाईट वाटतं, मुलांनी केवढी मेहनत केलेली असते आणि वाचणाऱ्याला अकरा वेगवेगळ्या गोष्टी वाचून शेवटी स्वतःच जोडाव्या लागतात. पूर्वीच्या अभ्यासांच्या आढाव्यातही तेच होतं, अमुक लेखक म्हणतो, तमुक लेखक म्हणतो, दहा पानं. त्याऐवजी लेखकांचं पटतं कुठं आणि भांडण कुठं आहे त्यावरून परिच्छेद कर, मग लेखकांची नावं आपोआप आपापल्या जागी जातात.

घणसोली_एमई

सरांचं विषयाबद्दलचं एकदम पटलं. मी इंजिनिअरिंगचा, एमईचा थिसिस मागच्या वर्षी दिला, ९० पानं झाली होती, माझा अनुभव सांगतो. मी आधी पूर्ण आउटलाईन केली, म्हणजे प्रत्येक प्रकरण, प्रत्येक सेक्शन, आणि प्रत्येक सेक्शनमध्ये येणाऱ्या प्रत्येक परिच्छेदाचं एकेक वाक्य, ते चार पानं झालं, गाईडला तेवढंच दाखवलं. चार पानं वाचायला कुणीही वेळ काढतं, साठ पानं वाचायला नाही काढत. तुमच्या गाईड बिझी आहेत तर हे नक्की करा.

टेक्निकल गोष्टी आत्ताच लावून घ्या, शेवटच्या आठवड्यात फार त्रास होतो. वर्डमध्ये प्रत्येक शीर्षकाला हेडिंग स्टाईल द्या, नुसतं बोल्ड करू नका, हेडिंग दिलं की डाव्या बाजूच्या पॅनलमध्ये अख्खा सांगाडा दिसतो, एखादा सेक्शन ओढून वर-खाली करता येतो आणि अनुक्रमणिका आपोआप बनते. संदर्भांसाठी झोटेरो नावाचं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे, वर्डला जोडता येतं, वेबपेज किंवा पेपर उघडा असताना एक बटण दाबलं की नोंद सेव्ह होते आणि संदर्भसूची तोच तयार करतो. फक्त मराठी पुस्तकांची नोंद स्वतः टाइप करावी लागते, तेव्हा आडनाव आणि नाव वेगवेगळ्या रकान्यात टाका आणि एकच लेखक दोन प्रकारे लिहू नका. सगळं युनिकोडमध्येच टाइप करा. माझ्या बहिणीने एमएचं अर्धं काम जुन्या फॉन्टमध्ये डीटीपीवाल्याकडून करून घेतलं होतं, ते कन्व्हर्ट करताना जोडाक्षरं इतकी मोडली की आम्ही दोघांनी चार रात्री बसून दुरुस्त केलं. आणि फाइल रोज ड्राइव्हवर, फाइलच्या नावात तारीख टाकून.

नौपाड्यातून

घणसोली, तुझं विज्ञान-इंजिनिअरिंगला बरोबर आहे, तिथं प्रयोग आधी झालेला असतो, लिहिणं नंतर येतं, आणि प्रस्तावना, पद्धत, निष्पत्ती, चर्चा हा साचा ठरलेला असतो. समाजशास्त्रात, इतिहासात आपल्याला काय म्हणायचंय हे पुष्कळदा लिहितानाच सापडतं. तिने आत्ता आउटलाईन केली तर ती तिच्या १४ पानांसारखीच होईल, सिडको, ९५ गावं वगैरे, कारण तिच्या डोक्यात अजून तेच आहे.

म्हणून मी उलटं करायला सांगतो. आहेत ती १४ पानं प्रिंट काढ. प्रत्येक परिच्छेदाच्या समोर मार्जिनमध्ये पेनाने एका ओळीत लिही, हा परिच्छेद काय सांगतो. "कशाबद्दल आहे" लिहायचं नाही, "काय सांगतो" ते लिहायचं. "जमीन संपादन" असं लिहिलंस तर ते चाललं नाही. "जमीन गेली तेव्हा नुकसानभरपाई सातबाऱ्यावर नाव असलेल्यालाच, खाडीवर पोट असणाऱ्याच्या हातात कागदच नव्हता" असं काही लिहिता आलं तर तो परिच्छेद काहीतरी सांगतोय. ज्याच्यासमोर ओळ लिहिता येत नाही तो काढ. ज्या दोघांसमोर तीच ओळ आली त्यातला एक काढ. मग उरलेल्या ओळी सलग वाच, तो तुझा खरा सांगाडा, आणि भोकं कुठं आहेत ते तिथंच दिसेल.

घणसोली_एमई

ओके सर, हे मी केलं नव्हतं. पण मग नवीन प्रकरणासाठी तरी आधी थोडा आराखडा हवाच ना, रात्री दोन तास असताना रोज कोरं पान बघायचं म्हणजे अवघड होतं.

नौपाड्यातून

हवाच. उद्या काय लिहायचं त्याचं एक वाक्य आज उठायच्या आधी लिहून ठेवायचं, एवढा आराखडा मला पुरला. आणि मुलाखतींपासून सुरू कर, प्रस्तावना सगळ्यात शेवटी. रोज ३०० शब्द धरले तर पन्नास-पंचावन्न दिवसांत सोळा हजार होतात, तुझ्याकडे सत्तर दिवस आहेत, म्हणजे दुरुस्तीलाही वेळ राहतो.

जुना_ग्रंथपाल

चर्चा चांगली चाललीय, मी निवृत्त ग्रंथपाल आहे, ठाण्यातच राहतो, साधनांबद्दल थोडं लिहितो कारण मोठा प्रबंध बऱ्याचदा इथंही अडतो.

ताई, आकडे घेताना एक मोठा खड्डा आहे तो सांभाळा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. त्याआधीच्या "ठाणे जिल्हा" या आकड्यात वसई, सातपाटी, डहाणू ही सगळी मोठी मासेमारीची किनारपट्टी आहे. २०११ च्या जनगणनेत ठाणे हा एक कोटी दहा लाख लोकवस्तीचा, देशातला सगळ्यात मोठा जिल्हा होता तो यामुळेच. आता २०१४ आधीचा मच्छीमारांचा आकडा आणि नंतरचा आकडा शेजारी ठेवून "ठाण्यात मासेमारी इतकी घटली" असं कुणी लिहिलं तर ते साफ चूक, निम्म्याहून जास्त किनारा कागदावर दुसरीकडे गेलाय. मी हे छापील अहवालात सुद्धा बघितलंय. तसंच पनवेल-उरणकडचे जुने कागद शोधायचे झाले तर "रायगड" शोधून मिळत नाहीत, १९८१ पर्यंत त्या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, कुलाबा शोधा.

ठाणे जिल्ह्याचं जुनं इंग्रजी गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, १८८२ चं आहे, तेराव्या खंडाचे दोन भाग, ते आता ऑनलाईन फुकट वाचता येतं. त्यात समाजांचं वर्णन आहे, पण ते सरकारी साहेबांच्या नजरेतून लिहिलंय, तेव्हा "कोळी लोक असे असतात" अशी वाक्यं तशीच उचलून खरं म्हणून देऊ नका, "१८८२ च्या सरकारी नोंदीत असं म्हटलंय" असं लिहा. कोण बोलतंय हे प्रत्येक वेळी सांगितलं की लिखाणाला आपोआप वजन येतं. मराठी पुस्तकांसाठी ठाणे स्टेशनजवळचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहेच, १८९३ पासूनचं, तिथल्या माणसांना विषय सांगून विचारा, नुसतं कपाटापुढं उभं राहू नका. आणि शोधगंगेवर, म्हणजे पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाईन संग्रहावर, जाऊन कोळी समाजावरचे दोन-तीन पीएचडी प्रबंध उघडा, वाचायला म्हणण्यापेक्षा त्यांची अनुक्रमणिका आणि प्रत्येक प्रकरणाचं पहिलं-शेवटचं पान बघायला. लांब लिखाण कसं उभं राहतं ते लांब लिखाण बघूनच कळतं, मी वाचनालयात बसून मुलांना हेच करायला लावायचो.

बीकॉम_ते_एमकॉम (कळवा)

मधेच विचारते, सॉरी. हे सगळं एआयला सांगून लिहून घेतलं तर? आमच्या वर्गात निम्मे तेच करतात. आणि ते प्लेजियरिझमचं टक्क्याचं काय असतं, दहा टक्के म्हणतात ते?

नौपाड्यातून

टक्क्याचं आधी. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१८ चे नियम आहेत, त्यात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, १० ते ४० मध्ये दुरुस्त करून पुन्हा द्यायला लावतात, त्याच्या वर गेलं की शिक्षा वाढत जाते, ६० च्या वर तर नोंदणीच रद्द होते. अवतरणात नाव देऊन घेतलेला मजकूर आणि संदर्भसूची त्यात मोजत नाहीत. तुमच्या कॉलेजची मर्यादा याहून कडक असू शकते, ऑफिसात विचारा. पण माझं म्हणणं असं की चोरी टाळायची तर सवय टिपणं काढतानाच लागते. पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं उतरवलं तर तिथंच अवतरणचिन्ह आणि पान नंबर टाका, स्वतःच्या शब्दांत मांडलं तर पुस्तक मिटून मांडा. दोन महिन्यांनी वहीत बघून आपलं कोणतं आणि पुस्तकातलं कोणतं हे कुणालाच आठवत नाही, प्रामाणिक मुलंही तिथंच फसतात.

एआयबद्दल, गेल्या वर्षी माझ्याकडे आलेल्या एका प्रबंधात सहा संदर्भ असे होते की ती पुस्तकं अस्तित्वातच नव्हती. लेखक, साल, पानं, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. व्हायवाला मी त्यातलं एक पुस्तक मागितलं तेव्हा त्या मुलाचा चेहरा बघवेना. आणि दिवाळ्याच्या अकरा बायका काय बोलल्या ते कुठल्याच मशिनला माहीत नाही, ते फक्त हिच्या फोनमध्ये आहे.

खाडीकाठची (ऐरोली)

सगळ्यांचे खूप खूप आभार, तीन दिवसांनी लिहितेय कारण आधी करून बघितलं.

सर, तुम्ही सांगितल्यासारखी प्रिंट काढली आणि ठाणे-वाशी लोकलमध्ये जाता-येता मार्जिनमध्ये ओळी लिहिल्या. ३१ परिच्छेद निघाले. त्यातल्या नऊ परिच्छेदांसमोर माझ्या हातून एकच ओळ आली, "विकासामुळे पारंपरिक व्यवसायावर परिणाम झाला". नऊ वेळा! आणखी सात परिच्छेदांसमोर काहीच लिहिता आलं नाही. वाचताना खूप वाईट वाटलं पण मोकळंही वाटलं, कारण पाच आठवडे मला वाटत होतं की मला लिहिताच येत नाही. सिडकोची पाच पानं दीड पानावर आणली.

विषय गाईडना विचारला, घणसोलीदादा म्हणाले तसं नुसतं दोन पानं लिहून नेली, त्यांनी दहा मिनिटांत वाचली आणि हो म्हणाल्या. आता नाव "दिवाळे कोळीवाड्यातील मासळी विक्रेत्या स्त्रिया : मासळीचा स्रोत आणि घरातील आर्थिक निर्णय". चार मुलाखती शब्दशः लिहून काढल्या. आमच्या भाषेतलं बोलणं तसंच ठेवू की प्रमाण मराठीत करू? आणि नावं बदलायची ना?

एक परिच्छेद टाकतेय, बघाल का प्लीज.

"अकरापैकी सात जणी आज मासळी भाऊच्या धक्क्यावरून आणतात. यातल्या पाच जणींच्या घरी पूर्वी स्वतःची बोट होती. घरची मासळी विकताना पैसे बाईच्या हातात असत, असं त्या सगळ्या सांगतात, कारण भांडवल लागत नसे. धक्क्यावरून घ्यायचं तर आदल्या दिवशीच रोख रक्कम लागते आणि ती नवऱ्याकडून किंवा मुलाकडून घ्यावी लागते. 'पयले मी त्याला द्याची, आता मागाला लागतं', असं एक विक्रेती म्हणाली. हा बदल पूल झाल्यानंतर झाला."

नौपाड्यातून

शाब्बास. "पयले मी त्याला द्याची" हे वाक्य तुझ्या अख्ख्या प्रबंधाचा कणा आहे, ते प्रमाण मराठीत अजिबात करू नकोस, तसंच ठेव, एखादा शब्द बाहेरच्याला कळणार नसेल तर तळटीप दे. नावं बदल, आणि गाव लहान आहे तेव्हा वय-घर यांचं वर्णनही असं ठेव की ओळखू येणार नाही. रेकॉर्डिंग वापरायला परवानगी घेतली होतीस का, नसेल तर पुन्हा जाऊन घे, हे आधी कर.

"त्या सगळ्या सांगतात" म्हणजे सात की पाच? आकडा टाक. उरलेल्या चार जणी, ज्या धक्क्यावर जात नाहीत, त्यांच्याकडे पैसे अजून स्वतःच्या हातात आहेत का? असतील तर तुझं म्हणणं दुप्पट पक्कं होतं, नसतील तर कारण दुसरंच काहीतरी आहे आणि मग ते शोधावं लागेल. दोन्ही परिस्थितीत तुझं एक प्रकरण तिथं तयार आहे.

आणि शेवटचं वाक्य. "पूल झाल्यानंतर." कुठला पूल? वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ चा, दुसरा १९९७ चा. मधे चोवीस वर्षं आहेत. बायका साल सांगत नाहीत, पूल झाला, गाडी आली असं सांगतात, ते आपण सालात बसवायचं असतं. वाशीला रेल्वे १९९२ ला आली, त्याचा उपयोग कर. "पूल झाला तेव्हा वाशीला ट्रेन होती का?" एवढं विचार.

जुना_ग्रंथपाल

हे छान. धाकटं मूल तेव्हा कितवीत होतं हेही विचारा, ते आयांना पक्कं आठवतं.

खाडीकाठची (ऐरोली)

काल रविवारी गेले होते दिवाळ्याला. परवानगी तोंडी घेतली होती, आता सगळ्यांची लेखी घेतली, दोघींनी अंगठा दिला.

पुलाचं विचारलं. सातपैकी पाच जणी म्हणाल्या ट्रेन आधीपासून होती, म्हणजे दुसरा पूल. मामीची धाकटी तेव्हा चौथीत होती, तिच्या जन्मसालावरून बरोबर १९९७-९८ येतं. पण दोघी, ज्या वयाने सगळ्यात मोठ्या आहेत, त्या म्हणतात ट्रेन नव्हती, त्या पहिल्या पुलाबद्दल बोलत होत्या, आणि त्या दोघींच्या घरी कधीच बोट नव्हती, म्हणजे त्या पहिल्यापासून विकतच घेत होत्या. आणि पैसे त्यांच्या हातात आहेत, आजही! त्या उधारीवर घ्यायच्या, धक्क्यावर त्यांची ओळख आहे, नवऱ्याकडे मागावं लागलंच नाही. म्हणजे माझा परिच्छेद चुकला ना सर? बोट गेली म्हणून पैसा हातातून गेला असं मी धरलं होतं, पण इथं मुद्दा उधारी कुणाला मिळते हा दिसतोय. रात्री बसले तर याच्यावरच चार पानं झाली आणि अजून संपलं नाहीये. त्या दोघींना पुढच्या रविवारी परत भेटायचंय, उधारी पहिल्यांदा कुणी दिली, कुणाच्या ओळखीने दिली ते विचारायचंय. अजून काय विचारू?